अर्जदार क्रमांक दोन : पोटगीचा अर्ज आणि मराठी साहित्य

पोटगीच्या अर्जाचे मराठी हे एका निराळ्याच गद्याचे मराठी आहे. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा शहरातील कुटुंब न्यायालयात दाखल होणाऱ्या अशा अर्जाच्या शिरोभागी बहुधा दोन नावे असतात. अर्जदार क्रमांक एक ही नवऱ्याने टाकलेली बाई. अर्जदार क्रमांक दोन हे तिचे मूल. या दुसऱ्या नावापुढे ‘वय ४ वर्षे, धंदा काही नाही’ असे लिहिलेले असते आणि त्याच्या खाली ‘अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई, अर्जदार क्रमांक एक’ अशी ओळ येते. अ.पा.क. म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन, एवढाच अर्थ. पण साहित्याच्या वाचकाला हा शब्द क्षणभर थांबवतो. आपल्याला सकाळपासून काही खायला मिळालेले नाही, याचे ज्ञान चार वर्षांच्या मुलाइतके स्वच्छ दुसऱ्या कोणाला असणार?

शीर्षकानंतर मजकूर सुरू होतो आणि तो जवळजवळ ठरलेला असतो. विवाह अमुक साली अमुक गावी झाला. काही काळ बरा नांदवला. पुढे गैरअर्जदाराने मारहाण करून अर्जदारास ‘नेसत्या वस्त्रानिशी’ मुलासह घराबाहेर काढले. अर्जदारांस उत्पन्नाचे साधन नाही. गैरअर्जदार सुदृढ असून त्याला शेती अथवा नोकरी आहे. शेकडो अर्जांत हीच वाक्ये याच क्रमाने येतात. या साचेबंदपणाला हसणे सोपे आहे. परंतु लावणीत वा ओवीत जशी ठरलेली पदे असतात आणि ती निरर्थक नसतात, तसेच येथेही आहे. कलम असे सांगते की, पुरेसे साधन असलेल्या व्यक्तीने आपल्या मुलाच्या पालनपोषणाकडे दुर्लक्ष केले किंवा ते नाकारले, आणि ते मूल स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ असेल, तर न्यायदंडाधिकारी दरमहा रक्कम ठरवू शकतो. साधन, नकार आणि असमर्थता हे तीन खिळे ठोकल्याशिवाय अर्ज उभा राहत नाही. ‘नेसत्या वस्त्रानिशी’ हा शब्दप्रयोग नकार आणि असमर्थता या दोहोंचा पुरावा एका दमात देतो. तो कोण्या अज्ञात वकिलाने वा अर्जनवीसाने प्रथम लिहिला असेल, त्याला भाषेची जाण होती असेच म्हणावे लागते.

हा अर्ज बाई स्वतः लिहीत नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि त्याच्या बाराव्या कलमाने स्त्री व बालक यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला. तालुका समितीने नेमून दिलेला वकील हा त्या बाईच्या आयुष्याचा पहिला निवेदक असतो. ती तासभर सांगते. तो दीड पानात आणतो. त्या दीड पानात मारहाणीला परिच्छेद मिळतो, हुंड्याला मिळतो, सवतीलाही मिळतो. अर्जदार क्रमांक दोनच्या वाट्याला एक ओळ येते.

मराठी साहित्याने या बाबतीत काय केले, हा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे सुखावह नाही. टाकलेली स्त्री, फसवली गेलेली विधवा, कुमारी माता यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले. त्यांच्या मुलाला मात्र साहित्यातही बहुतेक वेळा एकच ओळ मिळाली, आणि ती ओळ नावाविषयीची होती, अन्नाविषयीची नव्हती. बापाचे नाव मिळेल की नाही या प्रश्नाने आपले नाटककार आणि कादंबरीकार झपाटलेले दिसतात. बापाने दूध, कपडे आणि शाळेची फी यांचे काय केले हे कोणी फारसे विचारीत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यान हे भारतीय वाङ्मयातील अशा दाव्याचे कदाचित सर्वांत ठसठशीत चित्र आहे. तेथील शकुंतला मुलाला हाताशी धरून राजसभेत येते, दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो, आणि ती रडत बसत नाही, युक्तिवाद करते. तिची मागणी प्रेमाची नाही, मुलाच्या हक्काची आहे. अखेर आकाशवाणी होते आणि ती दुष्यंताला आज्ञा करते ती मुलाचे भरण करण्याची. ज्याचे भरण करायचे तो भरत, अशी त्या नावाची व्युत्पत्ती आदिपर्वच देते. ‘भरणपोषण’ हा आजच्या कायद्याचा शब्द आणि ते नाव एकाच धातूतून आलेले आहेत. या देशाच्या नावामागे जो भरत परंपरेने सांगितला जातो, त्याचे नाव एका पोटगीच्या हुकुमावरून पडलेले आहे, ही गोष्ट आपल्या देशभक्तिपर वाङ्मयाच्या नजरेतून निसटली. अर्थात त्या आकाशवाणीचेही कौतुक बेताने करायला हवे. आई ही केवळ भाता, पुत्र बापाचा, असेही तीच वाणी म्हणते. मुलाचे पोट भरण्याची आज्ञा आणि आईचा हक्क पुसून टाकणे ही दोन्ही कामे ती एकाच श्वासात करते.

कालिदासाने हा दावा काढून घेतला. त्याच्या नाटकात राजसभेत येणारी शकुंतला गर्भवती आहे, मूल अजून जन्मलेले नाही. नकाराचे कारण शाप आहे, पुरावा अंगठी आहे. काव्य अपार उंचावले, पण प्रश्न स्मृतीचा झाला, जबाबदारीचा राहिला नाही. मराठी संगीत रंगभूमीने आपला आरंभ याच नाटकापासून केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचाच. राजसभेतील नकार पाचव्या अंकात येतो. त्या रात्री प्रेक्षक जे पाहून घरी गेले त्यात वनातले प्रेम होते, सासरी निघालेल्या मुलीचा निरोप होता. दुष्यंताचे ‘मी हिला ओळखत नाही’ हे त्यांना ऐकावे लागले नाही. हा योगायोग आहे, त्यावर सिद्धांत उभारू नये. परंतु पुढच्या शतकभरात मराठी रसिकतेने बापाला ज्या सौजन्याने वागवले, त्याचे हे बोलके चित्र मात्र आहे.

असे सौजन्य न दाखवणारे पुस्तक अवघ्या दोन वर्षांत निघाले. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या आपल्या अर्भकाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली. या निबंधाची चर्चा बहुधा स्त्रीमुक्तीचा आद्य उद्गार म्हणून होते, ते योग्यच आहे. पण त्याच्या मुळाशी एक फौजदारी खटला आहे आणि त्या खटल्यात अर्भकाचा बाप कोठेच नाही, हे ताराबाईंनी नेमके हेरले. त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही औरस वा अनौरस मुलाच्या पोटगीची तरतूद होती. म्हणजे ज्या कायद्याने ती विधवा दोषी ठरली, त्याच राज्याचा दुसरा कायदा तिच्या मुलाला बापाकडून दरमहा काही देववू शकत होता. पण ते मागायचे तर तिला आधी भर कचेरीत आपले ‘पाप’ नाव-गावासह सांगावे लागले असते. कायद्याची दारे उघडी होती. उंबरठा तेवढा ओलांडता येण्याजोगा नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते हा उंबरठा ओळखूनच.

यानंतर जवळजवळ पंचाऐंशी वर्षांनी मराठी रंगभूमीवर पुन्हा एक न्यायालय भरले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले आणि त्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की आणखी काही म्हणणे धाडसाचे वाटावे. मध्यमवर्गीय क्रौर्य, व्यक्ती आणि समूह, खेळाचे रूपांतर शिकारीत होणे, ही सूत्रे सर्वपरिचित आहेत. परंतु नाटकाच्या शीर्षकातला ‘कोर्ट’ हा शब्द समीक्षेने फार लवकर रूपक म्हणून बाजूला ठेवला. तो थोडा वेळ शब्दशः घेऊन पाहावा.

या अभिरूप न्यायालयात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, तोही दंडसंहितेच्या कलम ३०२ खाली, आणि शेवटी निकाल मिळतो तो गर्भ नष्ट करण्याचा. ज्या कृत्याबद्दल आरोप, त्याच कृत्याचा हुकूम. ही विसंगती सर्वांनी टिपली आहे. टिपली गेली नाही ती दुसरी गोष्ट. त्या खोलीत सुखात्मे नावाचा एक खराखुरा वकील आहे. त्याची वकिली चालत नाही हा भाग निराळा. १९६७ साली १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती आणि तिच्या कलम ४८८ प्रमाणे अनौरस मुलालाही जन्मदात्याकडून पोटगी मिळण्याचा हक्क होता. मूल जन्मल्यावर बेणारेला प्रा. दामल्यांविरुद्ध सरळ अर्ज करता आला असता. सुखात्म्यांना ३०२ आठवते, ४८८ आठवत नाही. तेंडुलकरांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणण्याला नाटकात आधार नाही. आणि म्हणूनच ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या समाजाच्या कायदेविषयक कल्पनाशक्तीत न्यायालय हे स्त्रीला शिक्षा करण्याचे ठिकाण होते. मुलासाठी काही मागण्याचे ते ठिकाण असू शकते, ही शक्यता पात्रांच्या, प्रेक्षकांच्या आणि बहुधा लेखकाच्याही मनाला शिवली नाही.

आणि दामले? ते येतच नाहीत. बचावाच्या वकिलाची भूमिका त्यांची होती. ते न आल्यामुळे सुखात्मेच दोन्ही बाजूंचे वकील होतात. मुलाचा बाप हाच आईचा वकील असायला हवा होता आणि त्याचीच खुर्ची रिकामी आहे, ही तेंडुलकरांची योजना मराठी नाटकातील सर्वांत भेदक नेपथ्यरचनांपैकी एक म्हटली पाहिजे. बेणारे पोंक्षेकडे जाते, रोकडेकडे जाते, ते मुलासाठी नाव मागायला. नाव उसने मिळाले तरी चालेल, इतकी ती खाली उतरते. मूल वाढवायचा खर्च कोण करणार हा प्रश्न मात्र तिच्या तोंडी येत नाही. ती शिक्षिका आहे, कमावती आहे, तेव्हा तो तिला पडू नये हे एका अर्थी स्वाभाविकच. नोकरी जाण्याची टांगती तलवार तिच्यावर आहे, हे लक्षात घेतले की ते तितकेसे स्वाभाविक राहत नाही.

अन्नाचा प्रश्न मराठीत आला तो भुकेल्यांनी लेखणी हाती घेतल्यावर. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. बारा मासे म्हणजे तोळा. अकरा मासे म्हणजे त्यात एक उणा. सवर्ण पाटील बाप आणि दलित आई मसामाई यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाचे आत्मकथन समीक्षकांनी ओळखीच्या शोधाचे आख्यान म्हणून वाचले. बाप कोण, जात कोणती, गाव कोणते, हे प्रश्न त्यात ओळीओळीतून येतात, हे खरेच. पण पुस्तक पुन्हा वाचताना जाणवते ते असे की, या प्रश्नांच्या आधी आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात भाकरी येते. शाळेत बापाचे नाव लागते, पण त्या नावासोबत डब्यात काही येत नाही. येथे लिंबाळे मराठीतील शतकभराच्या गैरसमजाला नकळत उत्तर देतात. नाव मिळाले की सारे मिळाले, असे मानणाऱ्या नाटकांना हा मुलगा सांगतो की नाव मिळाले आणि पोट रिकामेच राहिले.

या पुस्तकातील सर्वांत विलक्षण माणूस मात्र बाप नव्हे. आजी संतामाईबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार, ज्याला मुलगा ‘दादा’ म्हणतो, तो ना रक्ताचा, ना जातीचा, ना धर्माचा. कोणत्याही संहितेच्या कोणत्याही कलमाने त्याच्यावर या मुलाला पोसण्याची जबाबदारी येत नव्हती. तो हमाली करून पोसतो. कायदा ज्याला बाप म्हणून शोधून काढील तो वाड्यात बसलेला, आणि ज्याने बापाचे काम केले तो कायद्याला अपरिचित. लिंबाळे यांनी या दोघांना समोरासमोर आणून भाष्य केलेले नाही. दादाविषयीचा मजकूर साधा, जवळजवळ कोरडा आहे. ‘अक्करमाशी’त अन्यत्र आवेशाचे जे उमाळे येतात, त्यांपेक्षा हा कोरडेपणा कितीतरी बोलका आहे.

दहा वर्षांनी, १९९४ साली, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ आले. वाङ्मयीन गुणांच्या दृष्टीने ते ‘अक्करमाशी’च्या बरोबरीचे नाही. निवेदन सरळ, प्रसंगांची निवड सैल, आणि अन्याय झालेल्या मुलाचा करुण सूर क्वचित नको तितका ओढलेला. तरीही प्रस्तुत विषयात या पुस्तकाचे स्थान स्वतंत्र आहे, कारण ते हेळसांडीचे पुस्तक आहे. आई तमाशात नाचणारी, बाप लोकप्रतिनिधी असून कधीही पुढे न आलेला. आई एका पुरुषाबरोबर राहायला जाते आणि मूल आजोबांच्या घरी मागे राहते, कामाला जुंपले जाते, शिक्षणासाठी पैशापैशाला मोताद होते. लेखकाने बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले, तेही जिने त्याला मागे ठेवले त्या आईचे. लिंबाळे यांनी न पोसणाऱ्या बापाचे नाव चालवले, काळे यांनी ते टाकून दिले. दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच दोन निराळे निकाल लिहिलेले आहेत.

येथे कायद्याची एक आडबाजू दिसते आणि ती या पुस्तकाशिवाय एवढी स्पष्ट दिसली नसती. मुलाची हेळसांड हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण गुन्हा कोणाचा? मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे त्याचा. काळे यांच्या कथनातील प्रसंग आजच्या कायद्याच्या चौकटीत ठेवून पाहिले, तर आजोबा कचाट्यात येतील, कदाचित आईही येईल. ज्याने मूल कधी हातातच घेतले नाही तो बाप हेळसांडीच्या आरोपातून आपोआप सुटतो. त्याच्यावर फार तर थकबाकी निघते. जवळ राहिलेल्याचा गुन्हा, दूर गेलेल्याचे फक्त देणे. त्याच कलमाचे परंतुक असे सांगते की, जन्मदात्यांना परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे मूल सोडावे लागले असेल तर ते हेतुपूर्वक मानले जाऊ नये. शांताबाईंच्या बाबतीत ‘परिस्थिती’ या शब्दात काय काय बसते, हे समजून घ्यायला न्यायाधीशाला हे पुस्तक उपयोगी पडले असते. मुलगा पुस्तकभर आईवर रागावलेला आहे आणि तरीही तिला दोषमुक्त करणारा सारा पुरावा तोच गोळा करतो. ही त्याच्या साध्या निवेदनाची न ठरवता साधलेली कमाई आहे.

पोटगीचा कायदा या काळात बदलत गेला. १९७३ च्या संहितेत ४८८ चे १२५ झाले. १९५५ पासून चालत आलेली दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४४ क्रमांकाने आले. ‘औरस वा अनौरस’ हे शब्द कायम आहेत. टाकलेल्या स्त्रियांच्या चळवळीतून आलेले वकील निशा शिवूरकर यांचे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक या इतिहासाचा मराठीतील विश्वसनीय आलेख आहे. शीर्षकात ‘परित्यक्ता’ हा सोवळा शब्द टाळून ‘टाकलेल्या’ हा शब्द घेतला, यातच त्यांची वाङ्मयीन समज दिसते.

साहित्याच्या अभ्यासकाला यांतील एक बदल विशेष वाटावा असा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात देणे आवश्यक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. हा खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला होता, आणि त्यात अर्जदारांमध्ये एक लहान मुलगा होता. त्या नमुन्यात मुलाच्या खर्चाला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे अर्जात एका ओळीत संपणारे मूल येथे शाळा, औषध, कपडे अशा बाबींनी भरून येते. आणि दामल्यांची खुर्ची निदान कागदावर रिकामी राहत नाही; बापाला प्रथमच आपले आत्मचरित्र आकड्यांत आणि शपथेवर लिहावे लागते. त्यात तो खोटे लिहितोच. शेती भावाच्या नावावर असते, पगार निम्मा दाखवलेला असतो. पण खोटे लिहिण्यासाठीही त्याला हजर व्हावे लागते.

या कागदांतून मराठी कथा-कादंबरी अजून पुरेशी घडलेली नाही. पोटगीचा हुकूम झाल्यानंतरची वर्षे, रक्कम थकणे, वसुलीचे वॉरंट, त्यातून होऊ शकणारा महिन्यापर्यंतचा तुरुंगवास आणि बाहेर येऊन पुन्हा थकवणे, तारखेला आईबरोबर आलेले व बाकावर झोपलेले मूल, हे सारे तालुक्याच्या कोणत्याही न्यायालयात दिसते. त्या मुलाच्या बाजूने लिहिलेले जे थोडे आहे, ते आत्मकथनांत आहे, आणि त्या मुलांच्या बाजूने कधी अर्ज झालेलाच नव्हता. ज्यांच्या वतीने अर्ज झाले, ते अजून बोललेले नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाली की त्या कलमाखालची पोटगी सर्वसाधारणपणे थांबते. मागची थकबाकी तेवढी मागता येते, तीही ठरलेल्या मुदतीत. अर्जदार क्रमांक दोन सज्ञान होतो. लिंबाळे आणि काळे या दोघांनीही आपली पुस्तके लिहिली ती सज्ञान झाल्यावर.